हं म्हणा, मग वाचते

मी नववीत होते तेव्हा शाळेनं ठरवलं, की मला शाळेतून दहावीला बसवायचं नाही. मी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, म्हणजे घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची. वर्गाच्या बाईंनी हे आईला फाटकापाशी उभ्या उभ्या सांगितलं, "आज बस उशिरा आहे" असं सांगावं तसं. आमच्या शाळेच्या फाटकावर दर जूनमध्ये शंभर टक्के निकालाचा फलक लागायचा आणि माझ्यामुळे तो हुकेल अशी त्यांना धास्ती होती. नको असलेली मुलं आधीच बाहेर काढायची आणि मग शंभर टक्के म्हणून पेढे वाटायचे, यात कसलं आलंय कौतुक? हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त ते सलग बोलता येत नव्हतं.

सलग बोलणं हीच माझी अडचण होती. मी बोलायलाच उशिरा लागले. शब्द माहीत असायचे, पण ऐन वेळी सापडायचे नाहीत. आधी काय झालं, नंतर काय झालं, याचा तोंडात गुंता व्हायचा. वाचनात तर ओळीच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निसटलेली असायची. बाई मला गाढव म्हणायच्या. रागानं नव्हे, सवयीनं. हजेरी घेताना तेवढं माझं खरं नाव यायचं, बाकी दिवसभर गाढव.

पण आमच्या अंगणात मी गाढव नव्हते, आणि हे मला ठासून सांगायचंय.

आमचं घर उत्तनला. वडील होडीवर, आई भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासे विकायला. घरात वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. दुपारी अंगणात कोलंबी सोलायला आम्ही बसायचो. आत्या, मी, शेजारच्या दोघीतिघी. तिथं गोष्टी चालायच्या. सांगणारीचे हात कोलंबीत, ऐकणारीचेही हात कोलंबीत, डोळे सगळ्यांचे खाली. मग कोण ऐकतंय आणि कोणाचं लक्ष बाजारभावाकडे गेलंय, हे कळणार कसं? म्हणून हुंकार द्यायचा. दर वाक्याला "हं". हं आला तर गोष्ट पुढे. हं थांबला की गोष्टही तिथंच थांबणार, मग ती ऐन विहिरीच्या काठावर का असेना. सांगणारीनं थांबायचं आणि वाट बघायची. हुंकाराशिवाय बोलत राहणारी बाई म्हणजे एकतर भांडणारी, नाहीतर ठार वेडी.

आणि खोटा हुंकार चालायचा नाही. आत्याला संशय आला, की ती गोष्टीत मध्येच काहीतरी भलतंच घुसवायची. सणाच्या आदल्या दिवशी देवळासमोरच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) मांडवातल्या फुलांच्या माळा बकरीनं खाल्ल्या, ही तिची आवडती गोष्ट. ती रंगात आली, की त्याच आवाजात म्हणायची, "मग बकरी फादरच्या खुर्चीत बसली नि चष्मा लावून वाचाया लागली." जी बेसावधपणे "हं" म्हणाली ती सापडली. सगळ्याजणी हसून लोळायच्या, आणि सापडलेलीनं उरलेल्या कोलंबीचा ढीग एकटीनं सोलायचा. मी कधी सापडले नाही. उलट माझी पाळी आली की मी सांगायचे. तुटक सांगायचे, चुकायचे, पण दर तुकड्यानंतर समोरून हं यायचा आणि त्याच्या आधारानं पुढचा तुकडा निघायचा. होडीतून उतरताना कुणी नुसता हात पुढे केला तरी पाय धीट होतो, तसं.

फॉर्मची गोष्ट ऐकून आई गप्प बसली नाही. तिच्या एका गिऱ्हाईक बाईंनी तिला भाईंदरच्या एका स्पीच थेरपिस्टचं नाव दिलं. एका दवाखान्याच्या वरची छोटी खोली, खाली दवाखान्याला लागून भांड्यांचं दुकान, दिवसभर पातेल्यांचा खणखणाट. थेरपिस्ट तरुण होत्या, घरच्या गुजराती, भाईंदरलाच वाढलेल्या. मराठी शाळेत शिकलेल्या, पण घाईत आल्या की हिंदीवर यायच्या. त्यांना मी टीचर म्हणायचे.

पहिल्या दिवशी टीचरनी चित्रं मांडली. मुलगा, पतंग, झाड, शिडी. "बघ, आणि मला पूर्ण स्टोरी सांग. टेन्शन नको घेऊ हां." मी म्हटलं, "एक मुलगा हाय. त्याची पतंग अडकली." आणि थांबले. टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. प्रेमानंच बघत होत्या, पण ओठ मिटलेले. मी वाट बघत होते, त्या वाट बघत होत्या. खाली कोणीतरी हंडा ठोकून बघत होतं. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढची चित्रं काढली. पुन्हा तेच. दोन वाक्यं, मग मी थांबणार, मग त्या लिहिणार. नंतर मला कळलं, की चाचणी घेणाऱ्यानं मध्ये आवाज करायचा नाही, असा नियम असतो. मुलाला मदत होऊ नये म्हणून! असले नियम कोण करतं ते मला बघायचंय. त्या माणसाला एकदा आमच्या अंगणात बसवा.

पहिल्या चाचणीनंतर टीचरनी आईला सांगितलं, की हिला गोष्ट बांधता येत नाही, दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. आईनं मान डोलावली. मी पेटले होते, पण मूग गिळून बसले. घरी येऊन आत्याला म्हटलं, "त्या बाईला ऐकताच येत न्हाय."

पुढच्या वेळी आईला बाजार सोडता येईना, म्हणून माझ्याबरोबर आत्या आली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. टीचरनी नवी चित्रं मांडली. एक बाई, टोपली, कुत्रा. मी म्हटलं, "एक बाय बाजारात चाललीय."

कोपऱ्यातून आवाज आला, "हं."

"तिच्या टोपलीत मासळी हाय."

"हं."

"मागून एक कुत्रा येतोय, तिला ठाऊक न्हाय…"

"हं, मग?"

मी सुटले. कुत्र्यानं टोपलीत तोंड घातलं, बाईनं चप्पल काढली, चप्पल पोलिसाला लागली. चित्रात पोलीस नव्हता, पण गोष्टीला हवा होता. टीचर मध्येच हात वर करून म्हणाल्या, "एक मिनिट, एक मिनिट. मावशी, प्लीज, तुम्ही मध्ये बोलू नका ना. हिला एकटीला सांगायचंय."

आत्या चपापली. "मी कुठं काय बोलले?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. हुंकार काय कोणी ठरवून देतं?

"ओके, पुढे सांग," टीचर मला म्हणाल्या. मी बघितलं, आत्या ओठ आवळून बसलेली, टीचर ओठ मिटून बसलेल्या. पोलीस चप्पल लागून रस्त्यात उभा. माझा राग मस्तकात गेला.

"तुम्ही हं म्हणत न्हाय, आतेला म्हणू देत न्हाय, तर मी सांगू कोणाला? भिंतीला?"

एवढं लांब वाक्य मी घराबाहेर पहिल्यांदाच बोलले होते. आत्यानं कपाळावर हात मारला. तिला वाटलं, झालं, आता इथूनही हाकलणार. पण टीचर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हातातलं पेन खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "होंकारो."

"काय?"

"आमच्या घरी होंकारो म्हणतात. माझे दादाजी स्टोरी सांगायचे ना, आम्ही होंकारो नाही दिला की ते झोपायला निघून जायचे." त्या स्वतःशीच हसल्या. "मी विसरूनच गेले होते यार." मग खुर्ची पुढे ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चप्पल पोलिसाला लागली. हं?"

त्या दिवशी ती गोष्ट पोलिसाच्या लग्नापर्यंत गेली.

आता कोणी म्हणेल, झालं मग, हं म्हटलं आणि पोरगी वाचायला लागली. तसं काही होत नसतं. अक्षरं तीच होती, माझी अडचणही तीच होती. महिनेच्या महिने आम्ही घासलं. पण घासण्याची तऱ्हा बदलली. मी गोष्ट सांगायची, टीचर हुंकार देत ती माझ्याच शब्दांत मोठ्या अक्षरात उतरवायच्या, आणि मग तेच पान मी वाचायचं. आमचं "हाय" हायच लिहायचं, "न्हाय" न्हायच. शब्द माझेच असल्यामुळे पुढे काय येणार ते मला ठाऊक असायचं आणि डोळा अक्षरावर टिकायचा. बकरीची गोष्ट मी अशीच पहिल्यांदा कागदावर पाहिली. आमची बकरी, आमचा मांडव, आमचं देऊळ, सगळं छापल्यासारखं. मला इतका आनंद झाला, की मी ते पान आत्याला दोनदा वाचून दाखवलं.

आईच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. ती थेट टीचरकडे गेली. "घरचं बोलणं तिला घरी येतंय. तिकडं शाळेत हसतात त्याला. तुम्ही तिला शाळेचं शिकवा. हाय-न्हाय करून ती दहावी होणार हाय का?" हे सगळं आई हाय-न्हाय करतच बोलत होती, हे तिच्या गावी नव्हतं. पण तिचं चूक म्हणवत नाही. तीही शाळेत गेली होती, चौथीपर्यंत, आणि तिलाही हसले होते. टीचर म्हणाल्या, "पुस्तकाचं पण वाचणार ना, मावशी. पण आधी तिला एक पाय ठेवायला जागा पाहिजे." आई घरी येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

मग पुस्तकाचं सुरू झालं. तिथं टीचरनी पेच टाकला. "बोर्डाच्या पेपरमध्ये हं कोण म्हणणार?" मी म्हटलं, "मीच." त्या म्हणाल्या, "कसं?" मी दाखवलं. धड्यातलं एक वाक्य मनात वाचायचं आणि मनात स्वतःलाच हं म्हणायचं. पण हं खरा पाहिजे. कळलं नसेल आणि हं म्हटलं, तर खोटा हुंकार, मग ढीग सोलायचा. म्हणजे त्या वाक्यावर परत जायचं. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, ती आमच्या अंगणातून आली होती. टीचर मला पकडण्यासाठी धड्यात भलतीसलती वाक्यं घुसवून वाचून दाखवायच्या आणि मी सापडत नव्हते. मग मी वाचताना घुसवायचे आणि त्या सापडायच्या. एकदा शिवाजी महाराजांच्या धड्यात मी मावळ्यांना रिक्षात बसवलं आणि टीचर "हं" म्हणून गेल्या. त्या दिवशी खालच्या भांडीवाल्यानं वर येऊन विचारलं, की एवढं हसायला काय झालं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा शाळेतून पुन्हा फॉर्मचा निरोप आला. टीचर स्वतः मुख्याध्यापकांना भेटल्या. सर म्हणाले, माझ्यासमोर एक न पाहिलेलं पान वाचू दे, मग ठरवतो. बाईंनी पान निवडलं आणि त्याची एक प्रत स्वतःच्या हातात ठेवली.

आई बाहेरच्या बाकावर बसली, टोपली पायाशी. आत मी, टीचर, वर्गाच्या बाई आणि सर. सरांसमोर दाखल्यांची चवड होती आणि ते एकेकावर सह्या करत होते. म्हणाले, "हं, कर सुरुवात." आणि खाली बघून सही केली. उतारा कुंभाराचा होता. गाढवावर मडकी लादून बाजाराला निघालेला कुंभार, नदीला आलेलं पाणी, पलीकडे न्यायला तयार नसलेला नावाडी. मी पहिली ओळ वाचली. थांबले. सही, सही, सही. बाई लगेच म्हणाल्या, "बघा सर, अडकली."

"अडकले न्हाय," मी म्हटलं. "सर, तुम्ही हं म्हणा, मग वाचते."

बाईंनी "काय उद्धट मुलगी आहे" असं म्हटलं ते मला नीट ऐकू आलं. टीचर घाईनं म्हणाल्या, "सर, समोरून रिस्पॉन्स आला की ती छान वाचते. इतकंच." सरांनी पेन न ठेवताच मान हलवली. "बरं बाबा, हं म्हणतो. त्यात काय."

मी वाचत गेले. हळू, बोट ठेवून. कुंभार नावाड्याला विनवतोय. "हं." नावाडी म्हणतो, गाढव होडीत चढणार नाही. "हं." सही. कुंभार म्हणतो, गाढवाशिवाय माझं पोट नाही. "हं." सही. एकही हं खरा नव्हता. असले हुंकार मी लहानपणापासून ओळखते. माझं वर्ष त्या चवडीखाली जात होतं आणि हा माणूस माझ्याकडे बघतही नव्हता. पुढचं वाक्य माझ्या बोटाखाली होतं, मला स्वच्छ दिसत होतं. मी ते सोडलं आणि त्याच आवाजात, त्याच चालीनं म्हटलं, "तेवढ्यात गाढव पुढे आलं आणि म्हणालं, मला दहावीला बसू द्याल का?"

"हं," सर म्हणाले. आणि सही केली.

बाई ताडकन उठल्या. "चूक! सर, बघा, पानावर असं नाहीच आहे. मनाचं वाचतेय ती! मी म्हणतच होते."

सरांनी मान वर केली. "काय मनाचं?"

"अहो, ती म्हणाली, गाढव म्हणालं…" बाई थांबल्या. पण आता बोलणं भाग होतं. "गाढव म्हणालं, मला दहावीला बसू द्याल का."

"आणि तुम्ही हं म्हणालात," मी म्हटलं.

टीचर पदराआड तोंड लपवायला पदर शोधत होत्या, पण त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. मला वाटलं, आता फॉर्म नक्की. पण सुरुवात केली होती, तर शेवटही मलाच करायचा होता.

"आमच्या घरी खोटा हुंकार दिला तर असाच पकडतात, सर. पानावर काय हाय ते मला दिसतंय. पानावर लिहिलंय," आणि मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला, "नावाड्यानं गाढवाच्या पाठीवरची मडकी मोजली आणि तो विचारात पडला. मी वाचू शकते. तुम्ही ऐकत न्हाय."

सरांनी बाईंकडे बघितलं. बाई त्यांच्या हातातल्या पानाकडे बघत होत्या. पानावर तेच होतं. सरांनी पेनाला टोपण लावलं, चवड बाजूला सारली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांचे कान लाल झाले होते.

"विचारात पडला," ते म्हणाले. "हं?"

हा खरा होता. मी पान पुरं केलं, तीनदा अडखळले, एकदा मागे गेले, आणि पुरं केलं. सर म्हणाले, "दहावीला ही शाळेतूनच बसेल." बाई म्हणाल्या, "पण सर, निकाल…" सर म्हणाले, "लागेल तो लागेल."

निकाल लागला. पास झाले, बेताचीच, पण शाळेतून. आज मीरा रोडच्या एका लॅबच्या काउंटरवर मी दिवसभर लोकांची नावं आणि आकडे वाचते. अजूनही हळू वाचते. ज्याला घाई असेल त्यानं दुसऱ्या रांगेत उभं राहावं.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा व्हरांडा. मी बाहेर आले तशी आई बाकावरून उठली आणि कुजबुजली, "काय गो, काय झालं? घेतलं का काढलं? लवकर सांग."

मी म्हटलं, "असं न्हाय. पहिल्यापासून सांगते."

"अगो, एका शब्दात सांग ना!"

मी तिची टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि फाटकाकडे चालू लागले. तो शंभर टक्क्यांचा फलक अजून तिथंच लटकत होता. आई मागून धावत आली. मी म्हटलं, "एक कुंभार होता." आणि थांबले.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शाळेचं फाटक होतं, आत मुलं होती, बाई खिडकीतून बघत होत्या. आईनं आजवर शाळेच्या आवारात घरचं बोलणं मोठ्यानं बोलू दिलं नव्हतं. तिनं एकदा मागे वळून खिडकीकडे बघितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"हं!"